खानझोडे सरांची बिनवासाची भट्टी

"दयाराम, इकडे ये. ही मरळ बघ."

खानझोडे सरांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली होती. आत हातभर लांबीची मरळ. पंधरा वर्षांपूर्वी मेलेली, पण त्या दिवशी दिसत होती तशी गुटगुटीत ती जिवंतपणीही नसेल.

"फुगलीय सर," मी म्हणालो.

"मेल्यावर बाळसं धरणारा मासा मी पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी झाकण उघडून आत नाक घातलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता झाकण परत लावलं. "सडायला लागलीय. गेल्या महिन्यात हिच्यात स्पिरिट तूच भरलंस ना?"

"हो सर. मोठ्या बाटलीतलंच."

"मग बाटलीतलंच पाणचट असलं पाहिजे. वरूनच तसं येत असेल."

"येत असेल सर," मी म्हणालो, आणि फडकं घेऊन स्वच्छ टेबल पुसायला लागलो.

स्पिरिट वरून पाणचट येत नव्हतं. ते पाणचट मी करत होतो.

आमचं कॉलेज नवं होतं आणि इमारत जुन्या धानगिरणीची. बी.एस्सी.च्या वर्गात जरा मोठ्याने बोललं की वाशावरून अजून भुसा पडायचा. गिरणीच्या गोदामात सरांचं संग्रहालय होतं. दोनशे चौदा बरण्या. मासे, बेडूक, पाणसाप, कासवाची पिल्लं. आमच्या भागात जेवढी गावं तेवढे तलाव, आणि सर गळ्यापर्यंत उतरले नाहीत असा एकही तलाव उरला नव्हता. गावात तर म्हणायचे, खानझोडे सर पाण्यात उतरले की मासे आपण होऊन जाळ्यात शिरतात. तलावात कुत्रं विचारत नाही, बरणीत गेलं की निदान लॅटिन नाव मिळतं. त्या बरण्यांची देखभाल करणारा प्रयोगशाळा सहाय्यक मी. वय चोवीस.

आणि घरी माझे वडील, टेंभरे गुरुजी. दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. सगळ्या पंचक्रोशीत मोहाच्या भट्ट्या मोडत फिरलेला माणूस. अशाच एका सभेहून येताना बैलगाडी कलंडली आणि त्यांच्या कंबरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पडून पडून पाठ चिघळते, आणि एकदा चिघळली की माणूस महिनाभर काढत नाही. सकाळ-संध्याकाळ स्पिरिट चोळायचं, वर पावडर. एक दिवस चुकवू नकोस."

दारूबंदीचे दिवस. स्पिरिट परवान्याशिवाय मिळत नसे, आणि आमच्या गावात ते होतं दोनच ठिकाणी. एक दवाखान्यात, तिथेही औषधापुरतं, घरी न्यायला देत नसत. आणि दुसरं सरांच्या कपाटात. म्हणून दर शनिवारी मी पावशेराची एक बाटली भरून घरी न्यायचो आणि तेवढंच विहिरीचं पाणी मोठ्या बाटलीत ओतायचो. बाबा विचारायचे, "दवाखान्यातलं?" मी म्हणायचो, "दवाखान्यातलं." अकरा महिने हे चाललं. बाबांची पाठ तान्ह्या मुलासारखी मऊ राहिली आणि सरांचे मासे कुजायला लागले.

त्या दिवशी सरांनी मोठी बाटली कलती करून पाहिली. तळाशी चार बोटं. पुढचा कोटा यायचा दिवाळीला, आणि तो मे महिना होता.

"संपलं," सर म्हणाले. "आता आपणच करायचं."

"काय करायचं सर?"

"स्पिरिट."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस चहासुद्धा घेत नसे. उत्तेजक म्हणून.

*

मोहाचा वास लपवायचा असेल तर तो जिथे रोजच येतो तिथे लपवावा, हे सरांचं शास्त्र. म्हणून खांद्यावर जाळं टाकून, मासे धरायला निघाल्यासारखे आम्ही तलावापलीकडच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, गेलो. तिथे भागरताबाई राहायची. उंच, हाडापेराने मजबूत, गालात तंबाखू. सरांना तीस वर्षं मासे तिच्याच घरातून मिळत आलेले. नवरा गेला तेव्हापासून घरात ती आणि तिचा आंधळा सासरा, दोघंच. आणि परसात, पळसाच्या झुडपांमागे, तिची भट्टी.

"या जी सर, बसा. आन हा कोन?" तिने डोळे बारीक केले. "हा तं टेंभरे मास्तरचा पोरगा नोहोय का?"

"तोच. दयाराम," सर म्हणाले.

"याच्या बापानं माह्ये सात मडके फोडले. सात! मोजून फोडले, मास्तर होय नं. आता पोरगा काय फोडाले आला?"

मी मान खाली घातली. सर म्हणाले, "बाई, मला तुमची दारू पाहिजे."

तिची तंबाखू गालातल्या गालात थांबली. "तुमाले?"

"प्यायला नाही. तिच्यातून मला तिचा वास काढायचा आहे. चव काढायची आहे. मागे राहील ते नुसतं स्पिरिट."

"वास काढाचा? मंग उरन काय?" ती उठून उभीच राहिली. "माह्या मोहाचा वास घेत घेत आठ गावचे लोक इथवर येते! हे तं असं झालं सर, का पोरगी पाह्याले आले आन म्हनते, नाक-डोये काढून द्या, बाकीची चालन."

"माशांसाठी पाहिजे. बरण्यांत भरायला."

"मासोळीले नाक राह्यते का जी?"

प्रश्न साधा होता, पण विचारला भलत्या माणसाला. "राहतं ना," म्हणून सरांनी माशाच्या नाकपुड्या किती, त्या घशात का उघडत नाहीत, वांबट माशाला चिखलात वास कसा येतो, हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. भागरताबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन मेल्यावर?"

"मेल्यावर नाही."

"मंग मेलेल्या मासोळीले मोहाचा वास आला तं तिचं काय बिघडते?"

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. "बिनवासाचंच पाहिजे," ते म्हणाले.

मला मनातून एवढं बरं वाटलं की सांगता सोय नाही. सरांच्या डोक्यात हे बिनवासाचं खूळ कशाने शिरलं ते मला कळत नव्हतं, पण ते माझ्या फायद्याचं होतं. स्पिरिट तयार झालं की त्यातलं शनिवारी थोडं उचलायचं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ज्याने आयुष्यभर त्या वासाचा पाठलाग केला त्या माणसाच्या पाठीला मी दुसरं काय लावणार होतो?

*

पहिल्या दिवशी सरांनी घरचा तांब्याचा गुंड, पाणी भरायचा हंडा, आणला. त्यात बाईची तयार दारू ओतली, तोंडावर गिरणीच्या जुन्या बॉयलरचा दोन हात लांब पितळी पाइप उभा केला, त्याच्या डोक्याला प्रयोगशाळेतली काचेची नळी जोडली. त्या नळीभोवती दुसरी नळी, तिच्यात गार पाणी. सांधे कणकेने लिंपले. पहिली वाटी सरांनी फेकून दिली. त्यात विषारी अंश उतरतो, म्हणाले. मग थेंब पडायला लागले. स्वच्छ, आसवासारखे.

"आता परीक्षा," भागरताबाई म्हणाली आणि वाटी सासऱ्याकडे घेऊन गेली.

मनिराम बुढा खाटेवर पडून असायचा. डोळे गेलेले, दात गेलेले, बोलणंही जवळजवळ गेलेलं. पण नाक असं की परसातलं मडकं उघडलं तर तो झोपेत कूस बदलून तिकडे तोंड करायचा. टोलीतले लोक शपथेवर सांगायचे, बुढा नुसत्या वासावरून झाड सांगतो.

त्याने वाटी नाकाशी धरली. "नाल्यावरचं झाड," तो म्हणाला. "पानी खालून लागते त्याले. फूल यंदाचं. वेचले तवा ओले होते, नीट वाळवले नाई."

"दोन दिवस ढग होते, म्या काय करू?" भागरताबाई ओशाळून म्हणाली.

"नापास," सर म्हणाले.

मी मात्र शहाणपणा केला. बाबांची पाठ चार दिवस कोरडी होती आणि माकडहाडावर कातडी गुलाबी दिसायला लागली होती. एका शिशीत त्यातलं थोडं घेतलं, त्यात कापराची वडी टाकली, आणि संध्याकाळी बाबांना कुशीवर वळवून हात पाठीला लावला.

बाबांनी श्वास आत ओढला. मग म्हणाले, "दयाराम, तू पितोस?"

"नाही बाबा."

"मग तुझ्या हातांना वास कसला?"

"कापराचा असेल."

"कापराच्या खालचा."

भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "हात धुऊन ये. आणि आज पाठ राहू दे."

ती आज राहिली, उद्या राहिली. परवा तिथे रुपयाएवढा लाल चट्टा होता. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता.

*

"पायऱ्या पाहिजेत," सर म्हणाले. "वाफ एकदम वर पोचते, म्हणून वासाला सोबत घेऊन जाते. तिला अडखळत अडखळत चढू द्यायचं. जड असेल ते दमून मागे फिरेल, हलकं असेल तेवढंच माथ्यावर पोचेल."

"देवीच्या डोंगरावानी," भागरताबाई म्हणाली. "लठ्ठ बाया अर्ध्यातच बसते."

"बरोबर तसंच. त्यासाठी पाइपात काचेचे तुकडे भरायचे. काचेला वास लागत नाही."

काचेचे एवढे तुकडे आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळणार होते. बांगडीवालीकडे. दुकानामागे तिचं टोपलंभर साचलेलं असायचं. हातात भरताना वाढलेल्या बांगड्या. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि वाढलेली बांगडी कुणी घरात ठेवत नाही. मी टोपलं मागितलं तेव्हा बांगडीवालीने आधी माझ्याकडे, मग माझ्या घराच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "अजून नवरी नाही आणली आणि बांगड्याच नेतोस का रे?"

सरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली होती. "काचेच्याच घे. लाखेच्या एकूण एक निवडून काढ." आमच्याकडे पळसावर लाख पिकायची, त्यामुळे अर्ध्या बायांच्या हातात लाखेच्या बांगड्या, वर चमकी, मधे आरसे, तुकडा काचेसारखाच दिसायचा. टोपलं निवडायचं म्हणजे दुपार जाणार. मला पाठीवरचा चट्टा दिसत होता. मी वरवर चार मुठी निवडल्या आणि टोपलं तसंच पाइपात रिकामं केलं.

"निवडल्यास?" सरांनी विचारलं.

"निवडल्या सर."

लाख गरम स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलांना पॉलिश मीच करायचो आणि ते कशात कालवतात हेही मला ठाऊक होतं. घाईच्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही, एवढंच.

पाऊण तास सुरेख चाललं. मग थेंब मंदावले. मग थांबले. वर विरघळलेली लाख खाली ओघळून काचेच्या तुकड्यांत बसली होती आणि पाइपाला आतून डबल बूच लागलं होतं. गुंड गुरगुरायला लागला.

"हे काहून बोलते असं?" भागरताबाई म्हणाली. "सर, मांगं व्हा! मांगं व्हा म्हन्तो नं!"

तिने सरांना धोतर धरून मागे ओढलं आणि पाण्याची घागर चुलीवर उपडी केली, आणि त्याच क्षणी कणकेचा सांधा सुटला. फस्सदिशी निळी जीभ निघाली, सरांच्या कपाळाला चाटून गेली आणि विझली. पाइप जो उडाला तो थेट तलावात. तिथे बसलेली बगळ्यांची रांग म्हणे पुढच्या साली मध्य प्रदेशात दिसली.

सर बसल्या जागी होते. सगळं ठीक होतं. फक्त उजवी भुवई नव्हती. ती पुढे कधी नीट आलीच नाही, आणि उरलेल्या आयुष्यात सर नेहमी अर्धे चकित दिसायचे.

दहा दिवसांची दारू मातीत मुरली होती. सगळीकडे जळक्या लाखेचा वास. सरांनी खाली पडलेला एक लाल, चिकट गोळा उचलून बघितला. मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं असतं तर मी त्याच मिनिटाला सगळं ओकलो असतो. बांगड्यांचं, पाण्याचं, सगळं.

"राहिल्या असतील एखाद-दोन," सर म्हणाले. "होतं असं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

पाइप तलावातून काढला, धुतला. भागरताबाईने शेजारणींना हाक मारली, सुपं काढली, आणि पाच बाया तांदूळ निवडावेत तशा बांगड्या निवडत बसल्या. लाखेचा तुकडा दाताखाली धरला की कळतो, काच कळत नाही. हे त्यांचं शास्त्र, सरांनी ते मान हलवून मान्य केलं. माझ्याकडे भागरताबाईने सूप दिलं नाही.

"तू बस तिकडं," ती म्हणाली. "तुह्या हातात घाई हाय." आणि मग जरा थांबून, "मास्तर कसा हाय?"

"आहेत."

"पाठ?"

मी मान हलवली. ती कशी हलली ते मला माहीत नाही. पण भागरताबाईने उठून परसातून स्वतःकडची आणखी दोन मडकी दारू काढली आणि गुंडात ओतली.

तिसऱ्या खेपेला सकाळी उजाडल्यावर जाळ लावला. सर पाइपाच्या डोक्याशी, थर्मामीटरवर नजर. पारा अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जाता कामा नये. पण खरी गोष्ट अशी की थर्मामीटरचा उपयोग झाला नाही. सर "वाढतोय, वाढतोय" म्हणेपर्यंत भागरताबाईने एक लाकूड आधीच मागे ओढलेलं असायचं.

"तुम्हाला कसं कळतं बाई?"

"ते सांगते नं. आयका. आता कुरकुरते हाय, म्हंजे जाळ जास्ती. आता कसं गुनगुनते? असं ठेवाचं."

सरांनी कान गुंडाजवळ नेला. त्यांच्या चेहऱ्यावर, त्या एका भुवईसकट, असा भाव आला की जणू नवीन जातीचा मासा सापडलाय. मग त्यांनी थर्मामीटर काढून खिशात ठेवला.

थेंब इतके सावकाश पडत होते की दोन थेंबांच्या मधे तंबाखू मळून व्हायची. निघालेलं पुन्हा पाणी घालून गुंडात ओतलं, पुन्हा चढवलं. पुन्हा एकदा. मग कोळशाच्या भुकटीतून गाळलं. मधे दोन दिवस गेले. मी सकाळ-संध्याकाळ घरी जाऊन तो चट्टा बघायचो. पाठ कोरडी राहिल्याच्या नवव्या दिवशी त्याच्या मधोमध कातडीला बारीक सुरकुती पडली होती; आता फुटणार, अशी. बाबा विचारायचे, "दवाखान्यातलं संपलं का रे?" मी म्हणायचो, "येतंय बाबा, उद्या येतंय."

दहाव्या दिवशी दुपारी वाटी मनिराम बुढ्याच्या हातात गेली. बांगड्या निवडणाऱ्या पाचही बाया बघायला जमल्या होत्या.

त्याने हुंगलं. वाटी दुसऱ्या नाकपुडीला लावून हुंगलं. "पानी होय," तो म्हणाला.

भागरताबाईने त्याच्या तळहातावर चार थेंब टाकले. बुढ्याचा हात दचकला. "पानी नोहोय," तो म्हणाला. "पानी इतकं थंड नाई राहत." त्याने तळहात नाकाशी नेला, परत नेला, आणि त्याच्या त्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर राग चढला. "कोनाची होय ही? इचं झाड कोन्तं? इचं गाव कोन्तं?"

"काढून टाकलं, मामाजी," भागरताबाई म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "सरांनी इचं गावच काढून टाकलं."

"पास," सर म्हणाले, पण हळू आवाजात.

त्यांनी पिशवीतून एक पावशेराची बाटली काढली, स्वतःच्या हाताने भरली, बूच दाबलं, आणि माझ्यापुढे धरली.

"मरळीची बरणी आधी भरू ना सर?"

"मरळ मेलेलीच आहे, दयाराम," सर म्हणाले. "तिला घाई नाही. ही घरी ने."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक होतेय.

"डॉक्टर माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतात," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात म्हणाले, टेंभरे गुरुजी दहा महिने अंथरुणात आहेत आणि पाठीवर ओरखडा नाही, असा रोगी मी पाहिला नाही. पोरगा स्पिरिट कुठून आणतो कोण जाणे. मी म्हटलं, कोण जाणे. मग घरी येऊन विचार केला. दवाखान्यातलं नाही, तर गावात दुसरं कपाट कोणाचं आहे?"

"सर..."

"मोहाच्या दारूत मासे मजेत राहिले असते. दोनदा चढवली असती की झालं असतं. पण गुरुजींनी तुला हात लावू दिला नसता."

भागरताबाई चुलीतलं लाकूड विझवत होती, पाठमोरी. ती म्हणाली, "मले तं कवाच समजलं होतं. मासोळीसाठी कोनी भुवई जाळते का जी?"

"मला मागितलं का नाहीस?" सरांनी विचारलं.

"तुम्ही दिलं नसतं सर."

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. मला दिसत होतं. "नसतं दिलं," ते म्हणाले. "ते सरकारी होतं. हे माझं आहे. दर शनिवारी ये. आणि यापुढे बरण्यांत पाणी घातलंस तर तुला बरणीत घालीन."

मला रडू फुटलं. चोवीस वर्षांचा बाप्या, टोलीच्या मधोमध, पाच बायांच्या देखत.

"रडणं घरी," सर म्हणाले. "बूच ढिलं आहे. उडून जाईल."

मी धावत निघालो. मागून भागरताबाई ओरडली, "मास्तरले म्हनजो नको कोनाची होय! लावून घेऊ दे बिचाऱ्याले! मले माहीत हाय, तेवढं बस झालं!" आणि तिचं हसणं तलावाच्या पाण्यावरून माझ्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आलं.

*

बाबांना कुशीवर वळवलं. सदरा वर केला. चट्टा होता, सुरकुती होती, अजून फुटला नव्हता. चट्टा सोडून कडेकडेने मी हळूच हात फिरवला, मग वर पाठीवर नेला. त्यांच्या अंगावर शहारा आला.

"आलं का?" ते म्हणाले.

"आलं बाबा."

त्यांनी नाक ओढलं. एकदा, परत एकदा. जुन्या सवयीने, जसं ते दाराशी उभं राहून परक्या घराचा वास घ्यायचे. काहीच नव्हतं. त्यांचे खांदे सैल पडले.

"चांगलं आहे हे," ते म्हणाले. "आधीच्यापेक्षा गार. दवाखान्यातलं?"

फक्त "हो" म्हणायचं होतं. अकरा महिने म्हणत आलो होतो, जीभ सरावली होती. बाईने बजावलं होतं. सरांनी त्या एका 'हो'साठी भुवई घालवली होती.

माझा हात थांबला.

"नाही," मी म्हणालो. "दवाखान्यातलं कधीच नव्हतं. आधीचं मी कॉलेजातून चोरत होतो. आणि हे मोहाचं आहे. भागरताबाईच्या भट्टीतलं. खानझोडे सरांनी वास काढलाय."

बाबांचं तोंड भिंतीकडे. मला फक्त त्यांचा कान दिसत होता. शाळेत कुणी उत्तर चुकलं की तो असाच लाल व्हायचा आणि मग छडी यायची. बाहेर कुणीतरी धान कांडत होतं. मुसळाचे दहा-बारा ठोके मी मोजले. मी हात पाठीवरून उचलला आणि धुवायला उठलो.

"कुठे निघालास?" बाबा म्हणाले.

"हात धुवायला."

आणखी तीन-चार ठोके पडले. मग त्यांनी उशीवरची मान थोडी, जेवढी त्यांना वळवता यायची तेवढी, माझ्याकडे वळवली.

"डावीकडे, खांद्याखाली राहिलंय," ते म्हणाले. "तिथेही लाव."